डिझेल महागले की कांदा किती महागावा? घरच्या घरी हिशेब

दरवाढीचे कारण म्हणून दुकानदार डिझेलकडे बोट दाखवतो, तेव्हा आधी वाहतुकीचा हिशेब मांडावा. लासलगावहून वाशीच्या बाजारात दहा टन कांदा घेऊन येणारा ट्रक जाऊन-येऊन सुमारे 450 किलोमीटर धावतो आणि एका लिटरमध्ये साडेचार किलोमीटर जातो असे धरले, तर त्याला 100 लिटर डिझेल लागेल. लिटरमागे 5 रुपये वाढले, तर खेपेचा खर्च 500 रुपयांनी वाढेल. तो 10,000 किलोंवर वाटला की किलोमागे अवघे 5 पैसे येतात. वाशीहून दुकानापर्यंतच्या टेम्पोचे आणखी काही पैसे धरले, तरी किलोमागे दोन रुपयांची वाढ एवढ्याने सिद्ध होत नाही. तिची कारणे आवक, साठवण किंवा नफ्यात शोधावीत. (नांगरणीच्या ट्रॅक्टरचे डिझेल मात्र पुढच्या पिकाच्या खर्चात उतरते.)

हाच हिशेब कुरमुऱ्यांना जसाच्या तसा लावू नये, कारण हलक्या पण जागा व्यापणाऱ्या मालाने ट्रक भरला तरी वजन थोडेच असते आणि तेच 500 रुपये कमी किलोंवर पडतात.

खाणावळीची थाळी गॅसमुळे महागली असे सांगितले, तर 19 किलोंच्या व्यावसायिक सिलिंडरचा दर पाहावा, घरगुती 14.2 किलोंच्या सिलिंडरचा दर तिथे उपयोगाचा नाही. दरवाढीच्या तारखाही वहीत नोंदवाव्यात, म्हणजे डिझेल उतरल्यावर भाडे उतरले का, हे विचारता येते.