गाडीत जळक्या ऑइलचा वास येत असेल तर

गोव्यात रायबंदरला चोडणच्या फेरीबोटीसाठी गाडी रांगेत उभी आहे आणि एसीच्या जाळीतून करपलेल्या तळणासारखा वास येतो. गाडी धावू लागली की वास नाहीसा होतो. याचं कारण साधं आहे. केबिनमध्ये बाहेरची हवा शिरते ती पुढच्या काचेच्या पायथ्याशी, बॉनेटच्या मागच्या कडेला. उभ्या गाडीत इंजिनचा धूर तिथूनच आत ओढला जातो. बहुतेक वेळा ऑइलचे चारदोन थेंब तापलेल्या एक्झॉस्टवर पडत असतात, एवढंच.

आधी वास ओळखा. फेरीच्या उतारावर किंवा चोर्ला घाटात अर्धा क्लच दाबून गाडी धरली, तर जळक्या कागदासारखा वास येतो. तो क्लच प्लेटचा, थोडा वेळ थांबलं की जातो. घाट उतरल्यावर चाकांजवळ तिखट वास आला तर ब्रेक तापलेत. गोडसर वास कूलंटचा. पावसाळ्याआधी गंजू नये म्हणून खालून कोटिंग मारून घेतलं असेल, तर सायलेन्सरवर उडालेले शिंतोडे दोनतीन दिवस जळत राहतात. त्यासाठी इंजिन उघडायची गरज नाही.

सपाट जागेवर गाडी लावा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा आणि ऑइलची काडी पुसून बघा. लहान गाडीत किमान आणि कमाल खुणांमध्ये साधारण एक लिटरचा फरक असतो. पातळी किमान खुणेखाली असेल तर कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल पाव-पाव लिटर घालत, बघत वर आणा. कमालच्या वर असेल तर जास्तीचं काढून टाका. जास्त ऑइलही सीलमधून बाहेर पडतं.

नुकतीच सर्व्हिस झाली असेल तर संशय आधी तिथेच. फिल्टर काढताना सांडलेलं ऑइल दोनेक दिवसांत जळून जातं. पण कधी जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनला चिकटून राहते आणि तिच्यावरच नवा फिल्टर बसवला जातो. अशी जोड दाबाखाली सुटली तर ऑइल भराभर रिकामं होतं. ड्रेन नटाचा जुना वॉशर पुन्हा वापरणं आणि ऑइल भरायचं झाकण नीट न बसणं, हेही बघा.

यातलं काही नसेल तर गळती शोधा. थंड इंजिनवर डिग्रीझर (तेलकट मळ सोडवणारं द्रव) मारून ब्रशने जुनं काळं साफ करा. अल्टरनेटरवर प्लास्टिक बांधा आणि प्रेशरने पाणी मारू नका. सुकल्यावर टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या सगळ्यात वरच्या झाकणाच्या कडेला टाल्कम पावडर भुरभुरा, प्लास्टिक काढा, पंधरा मिनिटं गाडी फिरवून आणा आणि टॉर्च लावून बघा. पांढऱ्या पावडरवर जिथून तपकिरी रेघ सुरू होते, तिथे गळती. नेहमी सगळ्यात वरची ओली जागा धरा. ऑइल खाली वाहतं, वारा ते मागे नेतो, त्यामुळे खालचा भाग भिजलेला दिसतो आणि मेस्त्री भलतंच सील बदलतो.

रेघ टॅपेट कव्हरवरून निघाली, आणि जुन्या गाडीत बहुधा तिथूनच निघते, तर त्याखालचं रबरी पॅकिंग कडक झालेलं असतं. ते घरीही बदलता येतं. इंजिन पूर्ण थंड हवं. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा, कॉइलच्या प्लगांवर क्रमांक लिहा, बोल्ट बाहेरून आत येत सैल करा. कव्हर उचललं की जुनं पॅकिंग काढून खाच पुसा. हेड, म्हणजे कव्हरखालचा इंजिनचा भाग, अॅल्युमिनियमचं असतं, म्हणून स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, जुनं एटीएम कार्ड पुरतं. नवं पॅकिंग खाचेत सगळीकडे बसलंय का, बोटाने फिरवून बघा. सीलंट फक्त कोपऱ्यांवर, जिथे पुढचं कव्हर हेडला मिळतं तिथे, वाटाण्याएवढं. बोल्ट आधी हाताने लावा, मग मधून बाहेर जात दोन फेऱ्यांत आवळा. बऱ्याच लहान गाड्यांत ८ ते १० न्यूटन-मीटर पुरे, तरी आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघावा. घट्ट म्हणजे पक्कं, ही समजूत इथे महागात पडते: प्लास्टिकचं कव्हर तडकतं किंवा हेडचे आटे जातात. सीलंट नीट सुकायला रात्रभर गाडी तशीच ठेवा.

नवं पॅकिंगही काही महिन्यांत पाझरलं, तर पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनच्या आतला दाब बाहेर सोडणारी छोटी झडप, काढून हलवून बघा. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत तो चांगला असेल तर खुळखुळतो. चोंदला की आतला दाब बाहेर पडायला वाट शोधतो आणि पहिलं पॅकिंग फाटतं. मागच्या नळकांड्यातून निळसर धूर येत असेल तर दुखणं आत आहे, पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून थेंब पडत असतील तर मागचं क्रँक सील. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ही दोन्ही कामं गॅरेजचीच. ऑइलचा लाल दिवा लागला किंवा बॉनेटमधून दाट धूर निघाला तर मात्र लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा, बॉनेट उघडायची घाई करू नका, दूर उभे राहून ११२ फिरवा.

दुरुस्तीनंतरही दोन दिवस वास येतो, एक्झॉस्टवरचा जुना थर जळत असतो. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका आणि त्यावर पुढच्या चाकांच्या जागा पेनने आखा. सकाळी डाग पडलेला दिसला, तर तो चाकांपासून किती अंतरावर आहे त्यावरून पुढचा शोध कुठे घ्यायचा ते कळतं.