मोत माउलीला पाहुणे न्यायचे असतील तर

माझं सासर वाईचं, माहेर लालबागचं. गणपतीत सासरचे लोक लालबागच्या गर्दीसाठी म्हणून येतात आणि दोन दिवसांत गर्दीला कंटाळतात. मग कोणीतरी विचारतंच, "बांद्र्याच्या मेरीला जाऊया का गं?" तिथली गर्दी काही कमी नसते, पण ती वेगळी गर्दी म्हणून चालते. मेरी म्हणजे बांद्र्याच्या टेकडीवरचं माउंट मेरी चर्च, आणि तिथली येशूची आई मारिया हीच मोत माउली. अशा रीतीने वीस-बावीस वर्षं मी माणसं टेकडीवर नेते आहे. जावा, मामेसासरे, त्यांचे शेजारी, एकदा तर शेजाऱ्यांचे व्याहीसुद्धा.

परतीच्या बसमध्ये मी प्रत्येकाला विचारते, काय लक्षात राहिलं? आजवर एकानेही इमारतीचं नाव घेतलेलं नाही. मी सुरुवातीला उत्साहाने सांगायचे, की आत्ताची वास्तू 1904 ची, वास्तुविशारद शापूरजी चंदाभॉय, म्हणजे पारशी माणसाने बांधलेलं चर्च. माना डोलायच्या आणि बसमध्ये उत्तर यायचं, "चपला काढायच्या नसतात, ते." म्हणून पाहुण्यांना काय दाखवायचं याच्याआधी त्यांचे हातपाय कुठे अडखळतात ते सांगते. ते सांभाळलं की बाकी माउली बघते.

दिवस कुठला निवडायचा

8 सप्टेंबर हा मारियेचा जन्मदिवस. त्या दिवशी रविवार असला तर त्याच दिवशी, नाहीतर त्याच्या पुढच्या रविवारी जत्रा सुरू होते आणि आठवडाभर चालते. त्याआधी नऊ दिवस नॉव्हेना, म्हणजे रोजची खास प्रार्थना. जत्रेच्या रविवारी जायचं असेल तर जा, पण मग चर्च बघायला मिळेल अशी आशा ठेवू नका. पुढच्याची पाठ बघायला मिळेल. म्हातारी माणसं बरोबर असतील तर मी जत्रेतलाच मंगळवार किंवा बुधवार धरते, सकाळी दहाच्या सुमारास. ऑफिसवाले सकाळी लवकर मेणबत्ती लावून गेलेले असतात आणि संध्याकाळचा लोंढा अजून यायचा असतो. ज्यांना शांतपणे बसायचं आहे त्यांनी सरळ जानेवारीतला एखादा साधा वार निवडावा. पण वाईकरांना शांतता नको असते. शांतता त्यांच्याकडे कृष्णेच्या घाटावर भरपूर आहे.

जत्रेच्या दिवसांत बांद्रा स्टेशनच्या पश्चिमेकडून बेस्टच्या जादा बस सुटतात. रिक्षेच्या नादी लागू नका. त्या दिवसांत वाहनं मध्येच अडवतात, आणि मीटर चालू ठेवून हिल रोडवर बसण्यात काही पुण्य नाही. बसने जाऊन उरलेला चढ पायी. गुडघे धड असतील तर बँडस्टँडच्या, समुद्राच्या अंगाने पायऱ्यांनी चढा. घाम येतो, पण वारा मिळतो. छत्री घ्या. सप्टेंबरातला पाऊस उन्हातच पडतो.

मेण घेताना

आधी चर्च आणि मग खरेदी असं नाही, आधी खरेदीच. वर जाताना दुतर्फा मेणाचे स्टॉल लागतात. साध्या मेणबत्त्या असतातच, पण नवसाचं मेण आकाराचं असतं: हात, पाय, डोळे, पाळण्यातलं बाळ, घर, गाडी, विमान, पुस्तक. जे दुखतंय किंवा जे हवंय ते. पाहुण्यांना इथे अर्धा तास द्याच. मी देते, कारण बसमधल्या उत्तरांत चपलांच्या खालोखाल नंबर मेणाचा असतो. माझ्या पुतण्याने मेणाचं घर हातात घेऊन विक्रेतीला विचारलं, "मावशी, यात वन बीएचके कुठलं?" ती म्हणाली, "माउलीला कळतं रे कुठलं ते. तू भाव कशाला वाढवतोस?"

पहिल्याच स्टॉलवर घेऊ नका. दहा पावलं पुढे तेच मेण कमी किमतीत मिळतं. आणि वर्तमानपत्रात गुंडाळूनच मागा. हे मी का सांगते ते ऐका. दादा चाळीच्या जिन्यावरून पडला आणि त्याचा पाय मोडला, तेव्हा आईने माउलीला पाय बोलला होता. पाय बरा झाल्यावर आम्ही गेलो. आईने हिल रोडलाच मेणाचा पाय घेतला, पिशवीत टाकला, शेजारी गरम पोळीभाजीचा डबा. वर पोचेपर्यंत पाय घोट्यातून वाकलेला. आईच्या तोंडचं पाणी पळालं. बरा झालेला पाय वाकडा कसा वाहायचा? दादा तर रडायलाच लागला. शेवटी लुगडं नेसलेल्या एका ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच ख्रिस्ती, बाईने तो पाय हातात घेतला, तळव्यांनी ऊब देत देत सरळ केला आणि म्हणाली, "घे बाय, चालतोय आता." आईने पुढे दरवर्षी तिला गर्दीत शोधलं. ती पुन्हा काही दिसली नाही.

आकाराचं मेण बहुतेक जण पेटवत नाहीत, वाहतात. पेटवायची ती साधी मेणबत्ती, आणि ती बाहेर, त्यासाठी ठेवलेल्या जागेवर. पेटती घेऊन आत जाऊ नका. हार चालतो, फुलं चालतात. नारळ मात्र घरी ठेवा. फोडायला जागा नाही आणि हातात घेऊन फिरलात तर तपासणीच्या पोलिसाला तेवढंच काम.

दारात

सगळी गडबड इथे होते. आपला माणूस देवाच्या दारात आला की पाय आपोआप चपलेतून निघतो. आमच्या मामी दरवर्षी सांगूनही काढतात. चर्चमध्ये पायताण घालूनच जायचं, त्यात अपमान नाही. काढलीच तर कोणी हाकलणार नाही, पण जत्रेच्या दिवशी बाहेर काढलेली चप्पल परत मिळणं हा नवसाचा विषय होतो. टोपी मात्र पुरुषांनी काढायची. आपल्याकडे नेमकं उलट, म्हणून मामेसासरे टोपी घट्ट धरून आणि चपला हातात घेऊन उभे. आधी नीट सांगितलं असतं तर ही वेळ आली नसती. चूक माझी.

दुसरं, घंटा. हात वर जातो आणि हवेत राहतो. वाजवायला घंटा नसते. तिसरं, तीर्थ. चर्चच्या दाराशी भांड्यात पवित्र पाणी ठेवलेलं असतं. त्यात बोट बुडवून कपाळ, छाती, खांदे अशी क्रुसाची खूण करतात. आमच्या एका आत्याबाईंनी ओंजळ पुढे करून ते प्राशन केलं आणि उरलेलं डोक्यावरून फिरवलं. मागच्या बाई हसल्या नाहीत, याचं मला अजून कौतुक वाटतं. हे प्यायचं नसतं, एवढं सांगून ठेवा.

आत

सांगायच्या गोष्टी दोनच, पण त्या चुकवू नका. बाकांच्या पुढे खाली एक लांब फळी असते. ती गुडघे टेकायला आहे, पाय ठेवायला नाही. दमलेला माणूस हमखास तिच्यावर पाय ठेवतो, आणि त्याच फळीवर नंतर कोणीतरी गुडघे टेकून हात जोडणार असतं.

दुसरी गोष्ट कम्युनियनची. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, चालू असेल तर शेवटाकडे रांग लागते आणि धर्मगुरू एकेकाला पांढरी पातळ चकती देतात. आपल्याला वाटतं प्रसाद. तो सगळ्यांना वाटायचा प्रसाद नाही. कॅथलिकांसाठी ते ख्रिस्ताचं शरीर असतं आणि त्यासाठी त्यांची रीतसर तयारी झालेली असते. सात-आठ वर्षांची असताना मी त्या रांगेत उभी राहिले होते, दोन्ही तळहात पुढे, उजवा वर. माझ्या आधीच्या मुलीचा डावा वर होता, ते पाहून मी बदलला. धर्मगुरूंनी चकती दिली नाही, डोक्यावर हात ठेवला आणि पुढे सरकवलं. मी चाळीत महिनाभर सांगत होते की मला स्पेशल आशीर्वाद मिळाला. रांग लागली की पाहुण्यांना बाकावरच बसवून ठेवा.

बाक मात्र सगळ्यांना आवडतात. गुडघेदुखीवाल्या मामेसासऱ्यांचं बसमधलं उत्तर होतं, "देवासमोर पाठ टेकून बसता आलं." भिंतींवर मारियेच्या आयुष्यातले प्रसंग रंगवलेले आहेत. ते बसूनच बघायचे.

इतिहास किती सांगायचा

थोडा, आणि मूर्ती डोळ्यांसमोर असताना. मी आता तीनच गोष्टी सांगते.

पहिली हाताची. मूर्ती सोळाव्या शतकात जेझुइट पंथाच्या धर्मगुरूंनी पोर्तुगालहून आणली. 1700 साली अरब चाचे टेकडीवर चढले आणि त्यांनी तिचा उजवा हात तोडला. त्यांना मधमाश्यांनी पिटाळलं असंही सांगतात. मुलं लगेच हात शोधायला लागतात आणि त्या निमित्ताने मूर्ती नीट बघतात.

दुसरी नावाची. पोर्तुगीज मोंत म्हणजे डोंगर, डोंगरावरची ती मोंत. कोळ्यांच्या तोंडी तिची मोत माउली झाली, मोत्याची माउली. मूर्ती समुद्रात आहे असं एका कोळ्याला स्वप्न पडलं आणि ती तिथेच सापडली, अशी त्यांची कथा. डोंगरातून मोती काढणारं हे भाषांतर मला तरी मूळ नावापेक्षा सरस वाटतं.

तिसरी गोष्ट वाईकरांसाठी राखलेली असते. 1739 साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली. त्या धामधुमीत साष्टी, म्हणजे मुंबईच्या उत्तरेचं बेट, मराठ्यांकडे आली आणि बांद्रा साष्टीचंच टोक. टेकडीवरचं जुनं चॅपल त्यात गेलं. मूर्ती खाडीपलीकडे माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये ठेवली होती, ती 1761 साली परत आली. 1761 म्हटलं की आपल्याला पानिपतच आठवतं. पण त्याच वर्षी, बांद्र्यावर मराठ्यांचा अंमल असताना, ही बाई आपल्या टेकडीवर परत आली.

हे सांगितल्यावर एकदा जाऊबाई म्हणाल्या, "म्हणजे आपल्या मेणवलीची घंटा?" वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्याखाली घाटावर मोठी घंटा आहे, वसईच्या मोहिमेतून आलेली. तिच्यावर मारिया आणि बाळ येशू कोरलेले आहेत. जाऊबाई लहानपणापासून त्या घंटेखाली खेळलेल्या. त्यांनी मूर्तीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाल्या, "अगं, मग मी हिला ओळखते." बसमध्ये त्यांना मी काही विचारलं नाही.

बाहेर पडल्यावर

समोर रस्त्यापलीकडे जिने चढून फातिमा मातेचं छोटं प्रार्थनास्थळ आहे. मी तिथे माणसं मोजते. जत्रेत एखादा कमी निघतोच, आणि तो खाण्याच्या स्टॉलवर सापडतो. खाजं, चणे आणि पेराड, म्हणजे पेरूची लालसर वडी, एवढं घ्या. पेराड वाईपर्यंत टिकतं, सासूबाईंच्या डब्यात टिकत नाही. मांसाहारी पदार्थांचे स्टॉलही असतात. बरोबरच्यांनी गौरी-गणपतीचं सोवळं धरलं असेल तर त्यांना उलट्या बाजूने न्या आणि स्वतःसाठी नंतर एकट्या या. मी येते.

स्टॉलवर, रांगेत, बाकावर आजूबाजूला कान द्या. लुगड्यातल्या म्हाताऱ्या बायका जी भाषा बोलतात ती मराठीच आहे, ईस्ट इंडियनांची. 1887 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा या इथल्याच लोकांनी आपल्याला हे नाव घेतलं. मामींना नाव ऐकून वाटलं कलकत्त्याकडचे असतील. मग त्यातल्या एकीने विचारलं, "कुठून आल्याव?" आणि दोघी पाऊण तास बसल्या. विषय सुनांचा होता.

वेळ उरला तर खाली लँड्स एंडला बांद्र्याचा किल्ला आहे, 1640 सालचा पोर्तुगीजांचा. उरत नाही. मामी उठत नाहीत.

परत निघताना शेजाऱ्यांसाठी मेण घ्यायचं असेल तर ते वेगळ्या पिशवीत घ्या आणि बसमध्ये मांडीवर ठेवा. डब्याशेजारी नको.