मॉडेल रेल्वेच्या लेआउटसाठी इमारती स्वतः बांधताय? या चुका टाळा

तयार किट न घेता स्टायरिन या प्लास्टिकची शीट, पुठ्ठा आणि लाकडाच्या बारीक पट्ट्या यांतून स्टेशन, मालगोदाम किंवा सिग्नल केबिन उभी करणं हे मॉडेल रेल्वेतलं सर्वांत समाधान देणारं काम आहे. त्यातल्या बिघडलेल्या इमारती नीट पाहिल्या, तर दोष हातापेक्षा क्रमाचा निघतो. भिंत सुटी केल्यावर खिडक्या कापलेल्या असतात, जोडणी झाल्यावर आतला रंग आठवलेला असतो, छप्पर पक्कं चिकटल्यावर दिव्याची तार आत घ्यायची राहिलेली असते. म्हणून पुढच्या बहुतेक चुका ‘काय केलं’ यापेक्षा ‘कधी केलं’ याबद्दल आहेत.

नकाशा छापतानाच

मॉडेल खऱ्याच्या किती पट लहान, हे स्केल सांगतं: एचओ म्हणजे १:८७ आणि ब्रिटिश ओओ म्हणजे १:७६.२. दोन्हींच्या रुळांमधलं अंतर १६.५ मिमीच असल्यामुळे एकाचा नकाशा दुसऱ्यासाठी बिनधास्त वापरला जातो, आणि इमारत गाडीपेक्षा थोराड दिसू लागते. ओओचा नकाशा एचओसाठी ८७.५ टक्क्यांवर छापावा लागतो. एचओवरून १:१६० च्या एन स्केलला जायचं असेल तर साधारण ५४.४ टक्के. प्रिंटरची ‘पानात बसवा’ ही सोय आधी बंद करा, कारण ती काही न सांगता आकार थोडा कमी करते. नकाशावर १०० मिमीची रेघ काढून ठेवा आणि छापल्यावर ती पट्टीने मोजा.

नकाशा नसून फक्त फोटो असेल, तर विटा मोजा. सांध्यासकट विटेचा एक थर साधारण ७५ मिमी धरला, तर ४० थर म्हणजे ३ मीटर. फोटोत वरचा भाग लहान दिसतो, त्यामुळे पट्टीने घेतलेली उंची फसवते. थरांची संख्या फसवत नाही. ताळा दारावर करा: २.१ मीटरचं दार एचओमध्ये २४ मिमी येतं आणि पावणेदोन मीटरचा माणूस २० मिमी.

खरं ६० मीटरचं गोदाम एचओमध्ये ६९० मिमी भरतं. तेवढी जागा क्वचितच असते, मग सगळंच थोडं थोडं आखूड करण्याचा मोह होतो. दारं आणि खिडक्या लहान केल्या की शेजारी उभा माणूस राक्षस वाटतो. कमी करायचे ते गाळे: दहाऐवजी सहा घ्या, पण प्रत्येक गाळा पूर्ण मापाचा ठेवा.

पुठ्ठ्याचा कच्चा नमुना टाळू नका

मला ही सर्वांत महाग पडणारी चूक वाटते, कारण ती उघडकीला येते तेव्हा इमारत रंगून तयार असते. पातळ पुठ्ठ्याच्या चार भिंती आणि छप्पर चिकटपट्टीने जोडून जागेवर ठेवा, आणि लेआउटवरचा सर्वांत लांब डबा हाताने ढकलत शेजारून न्या. सरळ मार्गावर सगळं ठीक वाटतं. वळणावर मात्र डब्याचा मधला भाग आतल्या बाजूला सरकतो आणि दोन्ही टोकं बाहेर येतात, त्यामुळे इमारत वळणाच्या कोणत्या बाजूला आहे यावर जागा ठरते. सरळ मार्गासाठी एनएमआरए या अमेरिकन मॉडेल रेल्वे संघटनेचं मापक गेज बरोबर चालतं. वळणावर त्याच्या पुढे जास्तीची मोकळीक सोडावी लागते.

कापताना

खिडक्या-दारं आधी, भिंतीची बाहेरची कड शेवटी. शीट मोठी असते तोवर ती हाताखाली घट्ट राहते. भिंत सुटी झाली की खिडकीच्या बाजूची अरुंद पट्टी वाकते किंवा तुटते. कटर कोपऱ्यापासून मध्याकडे ओढा, म्हणजे पातं कोपऱ्याबाहेर घसरणार नाही. एका जोरात आरपार जाण्यापेक्षा पाच-सहा हलके हात फिरवा आणि पातं बदलायला कंजूषपणा करू नका. बोथट पातं स्टायरिन कापत नाही, दोन्ही कडांना उंचवटा उठवतं, आणि तोच पुढे सांध्यात फट पाडतो.

भिंतीची जाडी वजा करायला विसरणं ही नेहमीची गफलत. इमारतीची खोली ८० मिमी, शीट १.५ मिमी जाड, आणि पुढची-मागची भिंत बाजूच्या भिंतींच्या कडा झाकणार असेल, तर बाजूच्या भिंती ७७ मिमीच्या हव्यात. विटांचे थर असलेल्या शीटमध्ये मोजणी सगळ्या भिंतींवर खालच्या एकाच थरापासून सुरू करा, नाहीतर कोपऱ्यावर थर जुळत नाहीत.

दुपाखी छपराची पाख समोरच्या दर्शनी नकाशावरून मोजली, तर ती हमखास आखूड येते. त्या चित्रात फक्त छपराची उंची दिसते, उताराची लांबी दिसत नाही. अर्धी रुंदी ५० मिमी आणि आढ्याची उंची ३० मिमी असेल, तर उतार ५८.३ मिमी भरतो. त्यावर वळचणीला बाहेर येणारा भाग वेगळा धरायचा. हिशेब नको असेल तर त्रिकोणी भिंतीची तिरकी कड थेट मोजा.

भिंत वाकली आहे

सर्वांत जास्त तक्रारी इथे येतात, आणि कारण वस्तूनुसार वेगळं असतं.

पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला पांढऱ्या गोंदाने कागद लावला, की ओला कागद ताणतो, सुकताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. उपाय साधा आहे: मागच्या बाजूलाही तसाच कागद, त्याच वेळी, त्याच गोंदाने लावा आणि सपाट वजनाखाली रात्रभर ठेवा.

स्टायरिन वाकतं ते सॉल्व्हंटमुळे. हा द्रव प्लास्टिक विरघळवून दोन तुकडे एकजीव करतो आणि मग उडून जातो. दोन रुंद शीट एकमेकींवर चिकटवल्या तर वाफेला बाहेर जायला वाट राहत नाही, आणि भिंत काही आठवड्यांनी पोक काढते. म्हणून आतल्या शीटला आधीच बारीक भोकं पाडून ठेवा आणि द्रव सगळीकडे न माखता ठिकठिकाणी लावा. बंद खोक्यासारख्या इमारतीच्या तळालाही एखादं भोक हवं. एकेरी भिंतीला आतून चौकोनी पट्ट्यांचा आधार द्या. लांब भिंतीला तो आडवा आणि उभा, दोन्ही लागतो. वाकलेली भिंत सुटी असेल तर आतून जाड पट्टी चिकटवून, सपाट काचेवर दाबून सरळ करता येते. चारही बाजू जोडल्यावर ते जवळपास अशक्य होतं.

लाकडाच्या पातळ पट्ट्यांना रंगछटा देताना दोन्ही बाजू ओल्या करा. आणि छटा चिकटवण्याआधीच द्या: जिथे गोंद पसरलाय तिथे लाकूड रंग शोषत नाही, ते फिकट डाग नंतर जात नाहीत.

फोमबोर्डला (दोन कागदांमध्ये फोम असलेल्या फळीला) सॉल्व्हंट किंवा सॉल्व्हंटवाला स्प्रे लागला तर आतला फोम विरघळतो. पाण्यावर आधारित गोंद आणि रंगच वापरा.

सॉल्व्हंट जास्त होऊन कोपरा मऊ पडला, तर लगेच पुसू नका. पुसल्याने विटांचे थर सपाट होतात. पूर्ण दिवस कडक होऊ द्या, मग पॉलिश पेपर फिरवा. आणि हे काम खिडकी उघडी ठेवूनच करा, या वाफा नाकात जाऊ देण्यासारख्या नाहीत.

खिडक्या आणि कडा

पारदर्शक शीट सुपरग्लूने लावली की भोवती पांढरं धुकं येतं. तिथे पांढरा गोंदच चांगला. धुकं आलंच असेल तर चकचकीत पारदर्शक ॲक्रिलिकचा पातळ हात दिल्यावर ते बरंच झाकलं जातं.

खरी २३० मिमीची विटेची भिंत एचओमध्ये २.६ मिमी भरते. चौकट एक मिमीच्या भिंतीच्या तोंडाशीच आली तर इमारत कागदी दिसते. खिडकीमागे शीटचा दुसरा थर देऊन चौकट आत घ्या. छपराचं मात्र उलटं: एक मिमीची शीट म्हणजे प्रत्यक्षात ८७ मिमी जाडीचा पत्रा! वळचणीची कड खालून तिरकी घासून पातळ करा. पन्हळी पत्रा असेल तर खऱ्यासारखे वेगवेगळे तुकडे कापून वळचणीपासून आढ्याकडे चढवत लावा, वरचा तुकडा खालच्यावर चढला पाहिजे.

रंग, दिवा, जमीन

रंग शेवटी मॅट हवा. शुद्ध काळा टाळा, गडद करडा अधिक खरा वाटतो.

दिवा लावणार असाल तर जोडणीआधीच भिंतींच्या आतून काळा रंग द्या, नाहीतर सगळी इमारत कंदिलासारखी उजळते. सांध्यांतून प्रकाश झिरपत असेल तर आतल्या कोपऱ्यात पट्टी बसवून तीही काळी करा. १२ व्होल्टवर एका पांढऱ्या एलईडीला ४७० ओहमचा रेझिस्टर दिला तर साधारण २० मिलिॲम्पिअर वाहतात, आणि खोलीसाठी तो उजेड फार होतो. एक किलोओहमने सुरुवात करून गरजेप्रमाणे वाढवा. छप्पर काढता येईल असंच ठेवा.

इमारत तयार जमिनीवर नुसती ठेवली तर खाली काळी फट दिसते. जोतं नकाशापेक्षा चार-पाच मिमी खोल करून घ्या, जमीन घडवतानाच त्याच्या मापाचा खळगा सोडा, आणि माती-गवत भिंतीपर्यंत आणताना जोत्याभोवती पातळ प्लास्टिक गुंडाळा, म्हणजे दुरुस्तीसाठी इमारत पुन्हा उचलता येते.