सहाच पाकळ्यांचे कागदी हिमफूल

हिवाळ्याच्या सुट्टीत लवकर अंधारून येते, घरातली लहानमोठी माणसे एका दिव्याखाली जमतात आणि गप्पा चालू असताना हातांना काहीतरी चाळा हवा असतो. कागद आणि कात्री एवढ्यावर भागणारा असा एक जुना खेळ म्हणजे घडी घालून हिमफुले कापणे. तो बहुतेकांनी लहानपणी खेळलेला असतो. मात्र बहुतेकांच्या हातून उमलते ते चार किंवा आठ पाकळ्यांचे फूल, कारण कागद अर्धा, पुन्हा अर्धा आणि आणखी एकदा अर्धा दुमडणे हाताला सोपे जाते. तसे फूल दिसायला वाईट नसते, पण त्याला हिमफूल म्हणणे मला जड जाते. खऱ्या हिमकणाला चार किंवा आठ पाकळ्या कधीच नसतात. सहा पाकळ्यांसाठी फक्त एक घडी वेगळी घालावी लागते, आणि ती एकदा हाताला बसली की पुढचे सारे कात्रीचे काम आहे.

सहाच का, हा प्रश्न मुले विचारतातच. खगोलशास्त्रज्ञ योहानेस केपलरलाही तो पडला होता. १६११ साली प्रागमध्ये असताना त्याने आपल्या आश्रयदात्याला नववर्षाची भेट म्हणून एक छोटी पुस्तिका लिहून दिली आणि तिच्यात हिमकण षटकोनीच का, याचा शोध घेतला. गोळे एकमेकांना खेटून रचले तर कोणते आकार तयार होतात, इथपर्यंत तो पोहोचला. पण नेमके उत्तर मात्र त्याला मिळाले नाही. आज आपल्याला माहीत आहे की पाणी गोठताना त्याचे रेणू षटकोनी जाळीत बसतात आणि तीच ठेवण वाढत वाढत डोळ्यांना दिसणाऱ्या स्फटिकापर्यंत येते. मुलांना एवढे सांगितले तरी पुरते. त्यानंतर चुकून आठ पाकळ्या आल्या तर तीच आपल्याला टोकतात.

कागद पातळ घ्यावा. छपाईचा नेहमीचा ८० ग्रॅमचा कागद चालतो, पण त्याचे बारा पदर एकावर एक आले की जाडी साधारण सव्वा मिलिमीटर होते आणि लहान हातांना ती कापवत नाही. पतंगाचा कागद कापायला हलका जातो, मात्र उलगडताना फाटतो. सुरुवात छपाईच्या कागदावर करावी आणि हात बसल्यावर पातळ कागदाकडे वळावे, असे माझे मत आहे. ए-फोर कागदाचा एक कोपरा समोरच्या लांब कडेवर आणून तिरपी घडी घालावी, उरलेली पट्टी कापून टाकावी. म्हणजे २१ सेंटिमीटरचा चौरस मिळतो आणि त्याच्या कर्णावरची पहिली घडीही आपोआप पडलेली असते.

आता हा त्रिकोण दुमडलेली लांब बाजू आपल्याकडे आणि काटकोनाचे टोक पलीकडे, असा टेबलावर ठेवावा. लांब बाजूचा मध्य शोधायचा आहे. त्यासाठी डावे आणि उजवे टोक एकमेकांवर आणून फक्त खालच्या कडेवर नखाने चिमटा काढावा, वरपर्यंत घडी दाबू नये. हा मध्य म्हणजेच मूळ कागदाचे केंद्र, आणि यापुढची प्रत्येक घडी त्याच बिंदूतून गेली पाहिजे. उजवे टोक उचलून डावीकडे असे वळवावे की घडीची रेघ मध्यातून निघून खालच्या बाजूशी ६० अंशांचा कोन करील. मग डावे टोक त्यावरून उजवीकडे वळवावे. कोन बरोबर साधला असेल तर डाव्या पदराची कड उजव्या घडीवर तंतोतंत बसते आणि खाली अणकुचीदार टोक, वर सशाच्या कानांसारखी दोन टोके, असा आकार तयार होतो. कड घडीच्या बाहेर आली किंवा आत राहिली तर दोन्ही पदर सैल करून थोडे इकडेतिकडे सरकवावेत; कड जुळेपर्यंत कुठेही नख फिरवून पक्की घडी करू नये, कारण एकदा पडलेली चुकीची घडी कागद विसरत नाही. कंपासपेटीतला ३०-६०चा गुण्या पहिल्या एकदोन वेळा हाताशी ठेवावा. पुढे डोळाच ६० अंश ओळखू लागतो.

शेवटी हा आकार उभा मधोमध दुमडावा, म्हणजे ३० अंशांची बारा पदरी फाक हाती येते. वरची टोके वेगवेगळ्या उंचीची असतात आणि तिथे सगळे पदर नसतात. म्हणून खालच्या टोकापासून १० सेंटिमीटरवर पेन्सिलीने रेघ मारावी आणि त्यावरचा भाग टाकाऊ समजावा. मात्र तो लगेच कापू नये. पदर घसरू नयेत म्हणून तिथे कागदाची क्लिप लावता येते, नक्षी कापताना धरायला जागाही मिळते. रेघेवरचा काप सर्वांत शेवटी द्यावा. ही युक्ती मला उशिरा सुचली. तोपर्यंत माझ्या प्रत्येक फुलाच्या एका पाकळीची नक्षी दुसरीपेक्षा दोनतीन मिलिमीटर सरकलेली असे.

कात्री लावण्यापूर्वी फाकेच्या दोन लांब कडा नीट पाहाव्यात. दोन्ही दुमडीच्या आहेत, म्हणजे कोणत्याही कडेवर अर्धी आकृती कापली की उलगडल्यावर ती पूर्ण होते: अर्धवर्तुळाचे वर्तुळ, अर्ध्या बदामाचा बदाम, साध्या त्रिकोणी खाचेचा शंकरपाळ्यासारखा चौकोन. पण या दोन कडांची कामे वेगळी ठेवली, तरच फुलाला फुलाचे रूप येते. एका कडेला कणा मानावे आणि तिच्यावर पेन्सिलीने बारीक खूण करावी. उलगडल्यावर सहा पाकळ्यांचे कणे याच कडेवर येणार आहेत. दुसरी कड म्हणजे दोन पाकळ्यांमधली दरी. कण्यावर लहान, उथळ खाचा घ्याव्यात आणि दरीच्या कडेवर खोल, तिरपे काप घ्यावेत. हे तिरपे काप दरीकडून कण्याच्या दिशेने पण खालच्या टोकाकडे झुकत गेले की मधल्या पट्ट्या बाहेर झेपावणाऱ्या फांद्यांसारख्या दिसतात. त्यांचा झुकाव उलटा ठेवला तर फांद्या आत वळलेल्या दिसतात आणि फूल मिटल्यासारखे वाटते. दोन्ही कडांवर सारख्याच खाचा घेणाऱ्या नवशिक्याच्या हाती बारा सारख्या किरणांचे जाळीदार तबक येते. तेही सुंदर असते, पण त्यात सहा पाकळ्या शोधाव्या लागतात.

एक काप मात्र कधीच घेऊ नये, तो म्हणजे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आरपार जाणारा. मी एकदा फाकेच्या मध्यावर मोठी डौलदार कमान कापली, एका कडेवरून सुरू केली आणि तंद्रीत दुसऱ्या कडेवर नेऊन सोडली. उलगडले तेव्हा माझ्या हातात एक सुटी चकती आणि टेबलावर एक सुटे कडे होते. समोर बसलेल्या भाचीने ते कडे उचलून मनगटात घातले आणि उरलेली संध्याकाळ मिरवले, त्यामुळे कागद वाया गेला असे म्हणता येत नाही. तेव्हापासून समोरच्या कडेपासून निदान ५ मिलिमीटर कागद शिल्लक राहील, एवढ्यावर मी कात्री थांबवतो. खालच्या टोकाजवळ फाक अरुंद असते, म्हणून तिथे तर एकाच कडेवर खाच घ्यावी. टोकाचा अगदी शेंडा उडवला तर फुलाच्या मध्यभागी लहान भोक पडते, आणि शेंडा सरळ न उडवता तिरपा उडवला तर त्या भोकाची चांदणी होते.

कापण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी टोकाजवळच्या बारीक खाचा, मग मधल्या, मग खोल काप आणि शेवटी वरचा काप असे जावे, कारण खोल काप आधी घेतले की फाक लुळी पडते आणि बारीक काम जमत नाही. जाड पदर कात्रीच्या पात्यांच्या मुळाशी धरून कापावेत, पात्यांची टोके फक्त खाचेचा शेवट नेमका करण्यासाठी वापरावीत. कात्री जागेवर ठेवून कागद फिरवावा. वरचा काप कण्याकडे उंच आणि दरीकडे उतरता दिला की सहा टोके निघतात. कण्याकडे १० आणि दरीकडे ६ सेंटिमीटर हे माप मला सर्वांत डौलदार वाटते.

चारपाच वर्षांच्या मुलांना बारा पदरांशी झुंजायला लावू नये. त्यांना शेवटची अर्धी घडी न घालता ६० अंशांची सहा पदरी फाक द्यावी आणि बोथट टोकाची कात्री द्यावी. फूल सहाच पाकळ्यांचे होते, फक्त प्रत्येक पाकळीच्या दोन बाजू वेगवेगळ्या दिसतात आणि शेजारच्या दोन पाकळ्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिबिंबासारख्या येतात. ज्यांचे हात थरथरतात अशा वडीलधाऱ्यांकडे पेन्सिलीने नक्षी आखण्याचे काम सोपवावे. आमच्याकडे उलगडण्यापूर्वी फाक सर्वांपुढे फिरवली जाते आणि मधोमध काय दिसेल हे प्रत्येकाने सांगायचे असते. बरोबर ओळखणारा क्वचितच निघतो.

नक्षी सुचेनाशी झाली तर खऱ्या हिमकणांकडे पाहावे. जपानी शास्त्रज्ञ उकिचिरो नाकाया यांनी १९३६ साली होक्काइदोच्या प्रयोगशाळेत सशाच्या केसावर कृत्रिम हिमस्फटिक वाढवला आणि तापमान व आर्द्रता बदलली की आकार कसा बदलतो, हे दाखवून दिले. उणे १५ अंश सेल्सियसच्या आसपास फांद्या फुटलेल्या चांदण्या होतात, तर गोठणबिंदूच्या जरासे खाली साध्या षटकोनी चकत्या. म्हणून एक फूल खोल कापांचे आणि शेजारी एक जवळजवळ न कापलेले, कडेला चारदोन खाचांचे, असे मांडले तर दोन्ही अस्सल ठरतात. एखादी पाकळी किंचित वाकडी आली तरी हळहळू नये. आकाशातून पडणारे बहुतेक हिमकणही काटेकोर सममित नसतात.

उलगडताना घाई नको. खाचांमध्ये अडकलेली टोके आधी नखाने सोडवावीत, एकेक घडी उघडावी आणि ओढण्याऐवजी कागद टेबलावर पसरत जावा. नंतर फूल दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून जाड पुस्तकांखाली रात्रभर दाबावे. घाई असेल तर सुती कापड वर ठेवून, वाफ न सोडता, मंद इस्त्री फिरवली तरी चालते.

पांढरे फूल पांढऱ्या भिंतीवर हरवते. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात जेरिको या गावी राहणारे शेतकरी विल्सन बेंटली यांनी १८८५ साली सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचे छायाचित्र टिपले आणि पुढे हयातभरात ५,०००हून अधिक छायाचित्रे घेतली. कणाची कड उठून दिसावी म्हणून ते काचेच्या निगेटिव्हवरचा त्याच्याभोवतीचा लेप चाकूने खरवडून काढीत, म्हणजे छापल्यावर पार्श्वभूमी काळी येई. आपल्याला एवढे कष्ट नकोत. गडद निळा किंवा काळा जाड कागद मागे लावला की काम होते. खिडकीच्या काचेवर लावायचे असेल तर थंडीत काचेला आतून पाणी सुटते आणि कागद सुरकुततो, हे लक्षात ठेवून ते काचेपासून बोटभर अंतरावर दोऱ्याने टांगावे. दोरा एका पाकळीच्या टोकातून न ओवता त्याखालच्या खाचेतून ओवावा, म्हणजे फाटत नाही. मेणबत्ती किंवा उघडी ज्योत जवळ असता कामा नये.

सुट्टी संपल्यावर फुले फेकू नयेत. मागच्या बाजूला पेन्सिलीने साल आणि कापणाऱ्याचे नाव लिहावे, दोन फुलांच्या मध्ये एक कोरा कागद घालावा आणि सगळी चळत एखाद्या जुन्या फाइलमध्ये आडवी ठेवावी. उभी ठेवली तर पाकळ्या वाकतात.