क्यूसीत येताय? आधी सावलीतला चेहरा बघा

व्हिडिओ क्यूसीच्या, म्हणजे प्रसारणाआधी व्हिडिओतले बिघाड शोधण्याच्या नोकरीबद्दल विचारणारी बहुतेक मुलं एडिटिंग शिकलेली असतात. पुण्यात कोथरूड-एरंडवण्यातल्या एखाद्या लहान स्टुडिओत काम करत असतात आणि मुंबई गाठायची की इथेच राहायचं या घोळात असतात. कोडेक, टाइमकोड, प्रोरेझ हे तुम्हाला येतं असं धरून चालते. दिवसभर सिरीज बघायच्या आणि वर पगार घ्यायचा, असं चित्र डोक्यात असेल तर मात्र येऊ नका. गोष्टीत रमलात की बिघाड सुटतो, म्हणून गोष्ट न बघता सिरीज बघायची सवय लावून घ्यावी लागते, आणि ती लागेपर्यंत डोकं भणाणून जातं. मग लागते.

बाकीच्या तांत्रिक गोष्टींची फार धास्ती घेऊ नका. आपल्या टीव्ही मालिका सेकंदाला २५ फ्रेम्सच्या, सिनेमा २४ चा, बाहेरची मागणी बरेचदा २३.९७६ ची. कोणी घाईत फ्रेम्स एकमेकींत मिसळून रूपांतर केलं असेल, तर हलणाऱ्या हातामागे दुसरा पुसट हात दिसतो. हे डोळ्यांना लवकर कळायला लागतं. लाउडनेस, म्हणजे आवाजाची सरासरी पातळी, मीटरच सांगतो: युरोपातल्या प्रसारणाला उणे २३, नेटफ्लिक्सला संवादावर मोजून उणे २७. पाठ करा आणि पुढे चला.

पण रेंजपाशी, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या आकड्यांच्या मर्यादेपाशी थांबा. इथे मी लांबण लावणार आहे.

आठ बिटांत शून्य ते २५५ एवढे आकडे मिळतात. टीव्हीच्या व्हिडिओत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर बसतो. डिजिटल टीव्हीच्या १९८२ च्या बीटी ६०१ या मानकात हे आलं, एचडीच्या ७०९ मध्येही कायम राहिलं. कॉम्प्युटरवरचं ग्राफिक्स मात्र शून्यापासून २५५ पर्यंत सगळी जागा वापरतं. फाइल यातली कुठली, हे सांगणारा एक फ्लॅग असतो. तो चुकीचा असला किंवा वाटेत एखाद्या सॉफ्टवेअरने दुर्लक्षित केला, की दोनपैकी एक गोष्ट घडते.

एक तर आधीच १६ ते २३५ मध्ये आवळलेली फाइल पुन्हा आवळली जाते. मग काळा ३० च्या आसपास येतो, पांढरा २१८ ला थांबतो आणि चित्रावर दुधाळ पडदा येतो. नाहीतर उलटं होतं: १६ ते २३५ ची फाइल ताणून शून्य ते २५५ केली जाते आणि पुढचा माणूस तिला पुन्हा टीव्हीची समजून वाचतो. मूळ चित्रात ३० च्या खाली जे काही होतं, ते सगळं ठार काळं. पुन्हा निर्यात झाली की तो तपशील कायमचा गेला.

आणि पुन्हा निर्यात झाल्यावर या दोन्ही फाइली ऑटो क्यूसीतून, म्हणजे सॉफ्टवेअरच्या तपासणीतून, बऱ्याचदा हिरव्यागार होऊन बाहेर येतात. मशीन एवढंच विचारतं, की आकडे मर्यादेबाहेर गेले का? नाही गेले. पास.

आता ३० च्या खाली काय असतं ते बघा. रात्रीचं अंगण, घोंगडी, अंबाडा, सावळ्या नटाचा सावलीतला गाल. त्याच फ्रेममधली गोरी नायिका आकड्यांच्या मधोमध असते, तिला फारसं काही होत नाही. नुकसान होतं ते ठरावीक माणसांचंच. माझ्यासमोर अशी एक ग्रामीण मालिका आली होती. आजीची भूमिका करणाऱ्या बाईंचे नुसते डोळे आणि दात उरले होते. मी बोलले तर उत्तर आलं, "अगं, मूडच तसा आहे. कॅमेरामनला तसंच हवं होतं." मी सगळ्यात नवी. तेव्हा घशाशी आलेला आवंढा मला अजून आठवतो, कारण समोरच्याचं खरंही असू शकत होतं.

मुद्दाम ठेवलेला अंधार आणि मेलेला अंधार यांतला फरक वेव्हफॉर्मवर, म्हणजे चित्रातल्या उजेडाच्या आलेखावर दिसतो. मुद्दाम ठेवलेल्या अंधारात रेषा तळाकडे विरळ होत जाते, आणि गॅमा उचलला की केसांच्या बटा वेगळ्या दिसायला लागतात. मेलेल्यात तळाशी जाड सपाट थर साचतो, कितीही उचला, आत काही नाही. आठ बिटांची फाइल ताणलेली असेल तर हिस्टोग्राममध्ये ठरावीक अंतरावर फटीही दिसतात. शेवटी रशेस, म्हणजे मूळ चित्रीकरण मागवा आणि तोच शॉट शेजारी लावा. मी रशेस लावल्यावर आजीबाईंचा गाल, नथ, कपाळावरच्या आठ्या, सगळं तिथे होतं. त्यानंतर कोणी मूडचं नाव काढलं नाही.

दुधाळ फाइलसाठी फेड टू ब्लॅक, म्हणजे चित्र पूर्ण काळ्यात विरतं ती जागा शोधा. काळा शून्य टक्क्याला टेकायला हवा. सहा टक्क्यांच्या वर तरंगत असेल तर दोनदा आवळलंय. मात्र वर-खालच्या काळ्या पट्ट्यांवर मोजू नका! त्या बहुधा नंतर लावलेल्या असतात, त्यांचा काळा बरोबर असतो आणि आतलं चित्र चुकलेलं असतं.

लॅपटॉपच्या पडद्यावर विसंबू नका. एकच फाइल दोन प्लेअरमध्ये दोन तऱ्हेची दिसते. लहान स्टुडिओत रेफरन्स मॉनिटर नसतो, म्हणून खचूही नका. डाव्हिंची रिझॉल्व्ह या एडिटिंग-कलरच्या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत स्कोप, म्हणजे वेव्हफॉर्मसारखे आलेख आहेत, तेवढ्यावर खूप काम होतं.

रिपोर्टच्या भाषेबद्दल मी हट्टी आहे. "चेहरा फार काळा दिसतो" असं लिहिलंत, की वरून "मग उजळ करा" एवढाच निरोप जातो आणि त्या बाईंचा रंगच बदलून येतो. "अमुक टाइमकोडला सावलीतला तपशील गेला आहे, रेंज तपासा" असं लिहा. रंगछटा दाखवणाऱ्या व्हेक्टरस्कोपवर सावळी आणि गोरी त्वचा जवळपास एकाच रेषेवर पडते. फरक उजेडाचा आणि रंगाच्या गडदपणाचा. सावळेपणा हा बिघाड नाही, तो दुरुस्त करायचा नसतो. कोडॅकच्या शर्ली कार्डांवर वर्षानुवर्षं गोऱ्या बाईचाच फोटो असायचा आणि प्रयोगशाळा त्यावरून रंग जुळवायच्या. ती खोड अजून पुरती गेलेली नाही.

सबटायटल्सही आपल्या हाताखालून जातात. पात्राचा संवाद बदलायचा अधिकार आपल्याला नाही, पण वर्णनाच्या ओळीत कोणी "लंगडा हसतो" असं लिहिलं असेल तर जरूर अडवा. अपंग व्यक्तींच्या चित्रणाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं दिली आहेत, त्यांचा हवाला द्या; नवख्याचं म्हणणं त्याने जरा वजनदार होतं.

"तीन महिन्यांत कलरिस्ट"वाल्या क्लासांना पैसे देऊ नका. लट्सचे, म्हणजे तयार रंगसाच्यांचे गठ्ठे विकणाऱ्यांना तर अजिबातच नको. त्यापेक्षा लॉ कॉलेज रोडवर फिल्म अर्काइव्हच्या थिएटरात जुन्या कृष्णधवल सिनेमाचा खेळ असला की जाऊन बसा. काळ्याच्या किती पायऱ्या असतात ते तिथे कळतं. आणि सीनियर निवडायची संधी मिळालीच, तर प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देणाऱ्या गोड माणसापेक्षा "स्कोप काय म्हणतो?" असं विचारणारा खडूस बरा.

एक काम मात्र अर्ज करण्याआधी उरका. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन इशिहारा चाचणी करून घ्या, मुलग्यांनी तर नक्कीच, कारण लाल-हिरव्याचं रंगांधत्व पुरुषांत बरंच जास्त आढळतं आणि अनेकांना ते ठाऊकच नसतं. दोष निघाला तर रंगाचं क्यूसी विसरा. ऑडिओ आणि सबटायटलच्या क्यूसीला त्याची काहीच अडचण नाही, आणि नीट मराठी वाचू-लिहू शकणारी माणसं तिथे अजून शोधावी लागतात.