विसर वाढलाय? आधी दंडाला पट्टी, मग ब्राह्मी

सत्तरीच्या माणसाला नावं आठवेनाशी झाली की घरात ब्राह्मी येते, बदाम भिजतात, पेपरातलं शब्दकोडं पुढ्यात सरकवलं जातं. बीपीचं मशीन मात्र कपाटातच राहतं. क्रम उलटा हवा. मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी साधारण १५ टक्के त्यालाच लागतं. बीपी वर्षानुवर्षं चढलेलं राहिलं की मेंदूच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या जाड, ताठर होतात आणि त्यांच्या पुढचा भाग उपाशी राहतो. अशा वेळी सुरुवात विसरण्याने होईलच असं नाही. दुकानातला हिशेब करायला वेळ लागतो, फोनवर बोलता बोलता दूध उतू जातं, आवडीच्या मालिकेतही मन लागत नाही.

म्हणून एक वही घाला. चार रकाने: बीपी, नाडी, मन, विसर. दोन आठवडे पुरतात.

बीपी सात दिवस मोजायचं: सकाळी गोळी आणि नाश्त्याआधी, संध्याकाळी जेवणाआधी. दर वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टरांना दाखवायची. आकडा चुकतो तो बहुतेक वेळा बसण्यामुळे. आजी पलंगाच्या कडेला, पाय लोंबकळत, पाठीला टेकू नाही, पट्टी ब्लाउजच्या बाहीवरून, आणि मोजताना सुनेशी गप्पा: यातली प्रत्येक गोष्ट आकडा फुगवते. खुर्चीत टेकून, पाय जमिनीवर सपाट, हात टेबलावर छातीच्या उंचीला, लघवीला जाऊन आल्यावर पाच मिनिटं गप्प. चहा, तंबाखू आणि मिश्री आधी अर्धा तास नाही. जाड दंडाला नेहमीची पट्टी तोकडी पडते आणि बीपी खोटंच जास्त दिसतं. दंडाचा घेर ३२ सेंटिमीटरच्या वर असेल तर मोठी पट्टी घ्या.

आठवड्यातून एकदा उभं करूनही मोजा, एका आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना कळवा. बीपीच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळीने असं होऊ शकतं, आणि पडण्याची भीती असते. डोस मात्र स्वतः कमी करू नका.

नाडी अंगठ्याखाली, मनगटावर, तीन बोटांनी. ठोके सारख्या अंतराने येत नसतील तर पूर्ण मिनिट मोजा आणि ईसीजी काढून घ्या. अनियमित ठोक्यात हृदयात गुठळी तयार होऊन मेंदूकडे जाऊ शकते.

मिठाचा हिशेब ताटात करू नका, पुड्यावर करा. माणशी दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चार माणसांना किलोचा पुडा ५० दिवस. महिन्यात संपत असेल तर जास्तच जातंय, आणि लोणचं, पापड, फरसाण यांतलं मीठ यात धरलेलंच नाही. ‘कमी सोडियम’चं मीठ आणायच्या आधी विचारा: त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल तर ते अंगाशी येतं.

मनाचा रकाना घरचे रिकामा सोडतात, आणि खरी गफलत तिथेच होते. म्हातारी माणसं ‘मी उदास आहे’ म्हणत नाहीत. ‘घास उतरत नाही’, ‘पहाटे तीनला जाग येते’, ‘आता काय राहिलंय’ असं म्हणतात. ते शब्द जसेच्या तसे लिहा. हार्ट अटॅकनंतर साधारण पाचातल्या एकाला नैराश्य येतं. मग गोळ्या चुकतात, फिरणं बंद होतं, बीपी-साखर पुन्हा बिघडते. नैराश्यातला माणूस विसराची तक्रार स्वतः करतो, काही विचारलं की ‘माहीत नाही’ म्हणून मोकळा होतो. डिमेन्शियात, म्हणजे स्मृतिभ्रंशात, तक्रार बहुधा घरचे करतात. तो माणूस बाजू सावरत काहीतरी उत्तर देतो. पण हा नियम नव्हे, खूण आहे. उतारवयात पहिल्यांदाच आलेलं नैराश्य डिमेन्शियाची सुरुवातही असू शकतं. जगणं नको असं कोणी बोललं तर थांबू नका. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो.

विसराच्या रकान्यात ‘विसरले’ एवढं लिहून उपयोग नाही. ‘गॅस चालू राहिला’, ‘घरचा रस्ता चुकला’, ‘तोच प्रश्न तासात चारदा’ असं लिहा. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत माणूस एकदम भ्रमिष्ट झाला तर ते वय नव्हे, त्याच दिवशी दवाखाना. तोंड वाकडं, हात लुळा, बोबडी वळली तर लगेच मोठं रुग्णालय; गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

डॉक्टरांकडे वहीबरोबर सगळ्या गोळ्यांची पिशवी न्या, सर्दीच्या आणि झोपेच्या गोळ्यांसकट. क्लोरफेनिरामीन (सर्दीची गोळी), अमिट्रिप्टिलीन (नैराश्याची जुनी गोळी), अल्प्राझोलाम (झोपेची, घबराटीची गोळी) यांनी विसर वाढतो. लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असताना नैराश्याची गोळी सुरू झाली तर पहिल्या काही आठवड्यांत सोडियम तपासून घ्या. ते घसरलं की माणूस असंबद्ध बोलू लागतो. थायरॉईड आणि बी-१२ही विचारा, मधुमेहाची मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर नक्की.

बीपी किती खाली आणायचं, हे डॉक्टरांवर सोडा. अमेरिकेतल्या स्प्रिंट चाचणीत ९,००० हून अधिक लोक होते. वरचा आकडा १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवलेल्या गटात सौम्य स्मृतिदोष १९ टक्क्यांनी कमी आढळला (२०१९), पण डिमेन्शियाबद्दल ठाम फरक दिसला नाही, आणि मधुमेही तिच्यात घेतलेच नव्हते.

नैराश्याची गोळी लागू पडायला चार ते सहा आठवडे जातात. स्मरणशक्तीची चाचणी त्यानंतर पुन्हा करून घ्या, आणि तेव्हा वहीचं नवं पान सुरू करा.