इंग्लंडमध्ये दोघी-तिघींनी मिळून घरी मुलं सांभाळायची असतील तर किती घ्यावीत?

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या मैत्रिणींपैकी कुणी घरी मुलं सांभाळायचं काम सुरू करायचं म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न निघतो: दोघींनी मिळून केलं तर किती मुलं घेता येतील? कागदावर उत्तर सोपं आहे, एकटीच्या दुप्पट. तेवढ्यावर विसंबून मुलं घेतली की पहिल्याच आठवड्यात दुपारी तीनच्या सुमारास पंचाईत होते. इथला नियम घराला आकडा ठरवून देत नाही. सांभाळणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला देतो, आणि तो दिवसभरात कुठल्याही क्षणी मोडता कामा नये. म्हणून मुलांना हो म्हणण्याआधी आकडा कसा काढायचा, ते इथे टप्प्याटप्प्याने सांगते.

हे सगळं फक्त इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये नोंदणी करणाऱ्या संस्था वेगळ्या आणि आकडेही वेगळे. स्कॉटलंडमध्ये तर १६ वर्षांपर्यंतची मुलं मोजतात. तिकडच्या मैत्रिणीचा अनुभव ऐकून इथे मुलं घेऊ नका.

पायरी १: आधी एकटीचा आकडा पाठ करा

आठ वर्षांखालची मुलं पैसे घेऊन, दिवसात दोन तासांपेक्षा जास्त वेळ आपल्या घरी सांभाळायची असतील तर ऑफस्टेडकडे (शाळा आणि मुलं सांभाळणाऱ्यांची तपासणी करणारी सरकारी संस्था) किंवा चाइल्डमाइंडर एजन्सीकडे नोंदणी करावीच लागते. चाइल्डमाइंडर म्हणजे घरी पैसे घेऊन मुलं सांभाळणारी. नोंदणी झालेल्या एका चाइल्डमाइंडरला एका वेळी आठ वर्षांखालची जास्तीत जास्त ६ मुलं सांभाळता येतात. त्या सहांत ‘लहान’ मुलं जास्तीत जास्त ३, आणि त्या तिघांत एक वर्षाच्या आतलं बाळ फक्त १.

सहा, तीन, एक. पुढचा सगळा हिशोब याच तीन आकड्यांवर चालतो.

पायरी २: घरची मुलं आधी मोजा

स्वतःची आठ वर्षांखालची मुलं या सहांत धरली जातात. सांभाळायला घेतलेलं फॉस्टर मूलही धरलं जातं. ‘तो तर माझाच मुलगा, त्याला कशाला मोजायचं?’ असं होत नाही. तो शाळेत असेल तेव्हा मोजू नका, पण घरी आला की त्याने एक जागा घेतली. शाळेला सुट्टी लागली की दिवसभर घेतली. आठ पूर्ण झालेलं मूल मोजणीतून सुटतं, मात्र त्याच्यामुळे धाकट्यांकडे दुर्लक्ष होता कामा नये.

पायरी ३: प्रत्येक मुलाची जन्मतारीख लिहून काढा

नियमातलं ‘लहान’ मूल पाचव्या वाढदिवसाला मोठं होत नाही. पाच पूर्ण झाल्यानंतर जो पहिला १ सप्टेंबर येतो, तोपर्यंत ते लहानच. उदाहरण घ्या. २० ऑगस्ट २०२१ चा जन्म असलेलं मूल १ सप्टेंबर २०२६ ला ‘लहान’च्या यादीतून बाहेर पडतं. १४ ऑक्टोबर २०२१ ला जन्मलेलं मूल मात्र ३१ ऑगस्ट २०२७ पर्यंत यादीत राहतं. दोघांत दोन महिन्यांचं अंतर, जागा मात्र जवळजवळ वर्षभर जास्त अडते. वयाच्या अंदाजाने मुलं घेऊ नका, तारखा समोर ठेवा. बाळांचे पहिले वाढदिवसही त्याच कागदावर लिहा, कारण बाळ एक वर्षाचं झालं की पुढच्या बाळाची जागा मोकळी होते.

रिसेप्शनमधली, म्हणजे शाळेच्या अगदी पहिल्या वर्गातली, चार-पाच वर्षांची मुलं फक्त शाळेच्या आधी, शाळेनंतर किंवा सुट्टीत येत असतील, तर ती इतर तीन लहान मुलांच्या बरोबरीने ठेवता येतात. जुळी बाळं, भावंडं किंवा स्वतःचं बाळ यांच्यासाठीही सवलत घेता येते, पण प्रत्येक मुलाकडे नीट लक्ष दिलं जातंय हे पालकांना आणि तपासणीला आलेल्या बाईंना पटवून देता आलं पाहिजे. आणि कितीही सवलती घेतल्या तरी एका माणसामागे सहाची मर्यादा ओलांडता येत नाही.

पायरी ४: ‘माणूस’ म्हणून कोण मोजायचं ते ठरवा

दोन नोंदणीकृत चाइल्डमाइंडर एकत्र असतील तर १२ मुलं, त्यांत ६ लहान, २ बाळं. तिघी असतील तर १८, ९ आणि ३. चौघी असतील तर २४, १२ आणि ४. १ नोव्हेंबर २०२४ पासून एका घरात चाइल्डमाइंडर आणि असिस्टंट मिळून चार जणांना काम करता येतं, त्याआधी ही मर्यादा तिघांची होती. पाचवं माणूस आलं की नोंदणीचा प्रकारच बदलतो आणि नर्सरीसारखे नियम लागू होतात.

असिस्टंट ठेवली तरी आकडा तेवढाच वाढतो, पण तिची गोष्ट वेगळी आहे. जोडीदारीण स्वतः नोंदणीकृत असते. तिची तपासणी वेगळी होते आणि ती आपल्या वाट्याच्या मुलांबरोबर दिवसभर एकटी राहू शकते. असिस्टंटच्या एकटीच्या भरवशावर मुलं दिवसात जास्तीत जास्त दोन तास ठेवता येतात, तेही पालकांची परवानगी असेल तर, आणि तिच्याकडे लहान मुलांच्या प्रथमोपचाराचं चालू प्रमाणपत्र असेल तर. त्या दोन तासांत काही झालं तरी जबाबदारी तुमचीच. असिस्टंटला पगार कमी द्यावा लागतो म्हणून अनेकींचा ओढा तिकडे असतो. माझं मत विचाराल तर सोबत पूर्ण नोंदणी असलेली जोडीदारीणच हवी. कारण ती आपल्या मुलांबरोबर दिवसभर एकटी राहू शकते.

आता आपल्या घरांतला नेहमीचा मुद्दा. भारतातून आई किंवा सासूबाई सहा महिने राहायला येतात. त्यांनी स्वतःची चार-चार मुलं वाढवलेली असतात, आणि ‘मी बघते गं, तू जाऊन ये’ हे त्या अगदी मनापासून म्हणतात. तरीही त्यांना या हिशोबात मोजता येत नाही. व्हिजिटर व्हिसावर काम करता येत नाही, बिनपगारीही नाही. त्यांच्या एकटीवर दुसऱ्यांची मुलं पाच मिनिटंही सोडू नका. शिवाय घरात राहणाऱ्या १६ वर्षांवरच्या प्रत्येक माणसाची माहिती ऑफस्टेडला द्यावी लागते आणि त्याची डीबीएस तपासणी (गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी) होते. तिकीट काढण्याआधीच ऑफस्टेडला विचारून घ्या, म्हणजे आजी आल्यावर धावपळ होणार नाही.

पायरी ५: दिवसाचा तक्ता मांडा, आणि शाळा सुटण्याच्या वेळेवर बोट ठेवा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. एका मोठ्या कागदावर सकाळी साडेसातपासून संध्याकाळी सहापर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने पाडा. प्रत्येक रकान्यात कोणतं मूल कुणाकडे आहे ते लिहा. नुसतं ‘घरी’ असं लिहून चालणार नाही, ‘कुणाकडे’ ते हवं.

समजा दोघी जणी आहेत. दिवसभराची सहा लहान मुलं आहेत: आठ आणि दहा महिन्यांची दोन बाळं, एक दीड वर्षाचं, दोन दोन वर्षांची, एक तीन वर्षांचं. एकीला तीन, दुसरीला तीन, बाळ प्रत्येकीकडे एक. इथवर ठीक. शाळा सुटल्यावर आणखी पाच जण येतात: रिसेप्शनची दोन आणि सहा-सात वर्षांची तीन. त्या तिघांत जिचं घर आहे तिचा मुलगाही आला. एकूण ११. बारापेक्षा एक कमीच, म्हणून दोघीही निर्धास्त.

आता तीन वाजताचा रकाना बघा. जोडीदारीण मुलं आणायला शाळेत जाणार. ती एकटीच गेली तर घरी राहणारीकडे सहा लहान मुलं उरतात, त्यांत दोन बाळं. नियम तिथेच मोडला. म्हणून तिने आपली तिघं बरोबर न्यायची, बाळ आणि दीड वर्षाचं डबल बगीत (दोन मुलांच्या ढकलगाडीत), दोन वर्षांचं हाताला धरून. शाळेच्या फाटकापर्यंत सगळं ठीक. परत निघताना मात्र तिच्याकडे आठ मुलं असतात, आणि एकटीला चालतात सहाच. हाही नियम मोडला, आणि भर रस्त्यात, गाड्यांच्या वर्दळीत. बाहेर नेलं म्हणून नियम सैल होत नाही. उलट लक्ष ठेवायला जास्त माणसं असलेलीच बरी.

यातून वाटा तीनच. दोघींनी सगळ्या मुलांना घेऊन शाळेत जायचं. कायद्यात बसतं, पण नोव्हेंबरच्या पावसात दोन बाळं आणि चार चिमुरडी रोज दोन वेळा बाहेर काढणं म्हणजे त्यांच्या झोपेचे आणि खाण्याचे हाल. दुसरी वाट, शाळेच्या फेऱ्यांपुरतं तिसरं मोजता येणारं माणूस ठेवायचं. तिसरी, शाळेची मुलं पाचऐवजी तीनच घ्यायची. मग जोडीदारीण तीन लहान आणि तीन मोठी अशी सहा घेऊन येते आणि घरी राहणारी आपल्या तिघांना झोपेतून उठवत नाही. मी तिसरीच वाट सुचवेन. बुडणारे पैसे खरे आहेत, पण तेवढ्यासाठी रोज दुपारी जीव मुठीत धरून रस्ता ओलांडायचा नाही.

तक्त्यात आणखी एक जागा फसवी असते. अर्ध्या दिवसाची दोन मुलं एकाच जागेवर घेतली की एक जण एक वाजता जातं आणि दुसरं एक वाजता येतं. पहिल्याचे बाबा ट्रॅफिकमध्ये अडकले की एक वाजून दहा मिनिटांनी दोन्ही मुलं घरात असतात. ती दहा मिनिटंही मोजली जातात. दोन वेळांमध्ये निदान पंधरा मिनिटं मोकळी ठेवा आणि पालकांना करार करतानाच सांगा.

पायरी ६: टेप घेऊन खोल्या मोजा

माणसांच्या हिशोबाने १२ बसली तरी घर त्यांना पुरेल असं नाही. आतल्या जागेचे आकडे ठरलेले आहेत: दोन वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला ३.५ चौरस मीटर, दोन वर्षांच्याला २.५, तीन ते पाच वर्षांच्याला २.३. स्वयंपाकघर, संडास-बाथरूम, जिना-पॅसेज आणि अडगळीची जागा यात धरायची नाही.

वरच्या सहा मुलांसाठी बघा. दोन वर्षांखालची तिघं म्हणजे १०.५, दोन वर्षांची दोघं म्हणजे ५, आणि तीन वर्षांचं एक म्हणजे २.३. एकूण १७.८ चौरस मीटर, सुमारे १९२ चौरस फूट. चार मीटर बाय साडेतीन मीटरची बैठकीची खोली १४ चौरस मीटरची होते. म्हणजे ती एकटी पुरत नाही, दुसरी खोलीही मुलांना द्यावी लागेल.

घर भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी घ्या. दोन-तीन जणी आणि दहा-बारा मुलं यायची असतील तर कौन्सिलच्या प्लॅनिंग विभागालाही आधीच विचारा. सकाळी घरासमोर सहा गाड्या उभ्या राहायला लागल्या की शेजाऱ्यांच्या तक्रारी येतातच.

पायरी ७: एकीला ताप आला तर कोणती मुलं येणार नाहीत, ते लिहून ठेवा

दोघींतली एक आजारी पडली की दुसरीचा आकडा पुन्हा एकटीचा होतो. सहा लहान मुलांपैकी तिघांच्याच पालकांना ‘घेऊन या’ म्हणता येतं. हा निर्णय सकाळी सात वाजता फोनवर घ्यायची वेळ आणू नका. जिच्याशी करार, तिची मुलं त्या दिवशी थांबणार, हे सगळ्यात सरळ. त्यासाठी प्रत्येक मूल कुणाच्या नावावर आहे आणि त्याच्या सुट्टीचे पैसे घ्यायचे की नाही, हे करारातच लिहिलेलं हवं. जवळपासच्या नोंदणीकृत चाइल्डमाइंडरशी अडीअडचणीला एकमेकींची मुलं घेण्याचं बोलून ठेवलं तर फारच उत्तम. फक्त तिच्याकडे त्या दिवशी जागा आहे का, हे तिच्या आकड्यांवर ठरेल.

पायरी ८: कागद वेगवेगळे ठेवा

घर एकीचं असलं तरी नोंदणी दोघींची स्वतंत्र हवी, आणि जोडीदारणीच्या नोंदणीत त्या घराचा पत्ता असल्याची खात्री करून घ्या. पब्लिक लायबिलिटी विमा असायलाच हवा. प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र दर तीन वर्षांनी नवं करावं लागतं. दोघींच्या तारखा कॅलेंडरवर टाका, कारण एकीचं प्रमाणपत्र संपलं तरी खोळंबा दोघींचा होतो.

रोजची हजेरी मूल आलं-गेलं त्याच मिनिटाला लिहा, आणि ते कुणाच्या जबाबदारीवर आहे तेही लिहा. तपासणीला आलेल्या बाई हजेरीची वही उघडून विचारतील, ‘मंगळवारी सव्वातीनला ही मुलं कुणाबरोबर होती?’ पाचव्या पायरीतला तक्ता भिंतीवर आणि हजेरी वहीत असेल तर उत्तर द्यायला दोघींनी एकमेकींकडे बघावं लागत नाही.

नवी असिस्टंट, घरात राहायला आलेलं मोठं माणूस, बदललेला पत्ता, असं काहीही घडलं की ऑफस्टेडला कळवायचं असतं. शक्यतो आधी, नाहीतर १४ दिवसांच्या आत. कळवल्यावर आलेली ईमेल नोंदणीच्या फाइलमध्येच लावून ठेवा.